सुविचारामागचे पान

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या लोहमार्गाच्या दोन्ही अंगांस पसरलेल्या आमच्या वस्तीत, शाळेच्या प्रवेशद्वाराशी, वाचनालयाच्या जिन्यापाशी, गृहसंस्थेच्या सूचनाफलकाच्या शिरोभागी, दवाखान्याच्या बाकासमोर आणि क्वचित एखाद्या पिठाच्या गिरणीच्या भिंतीवरही, रोज सकाळी कोणी ना कोणी हातात खडू घेऊन एक सुविचार लिहीत असतो, आणि हा शिरस्ता इतक्या पिढ्या चालत आला आहे की, ज्या फळ्यावर सुविचार नाही तो फळा आम्हांस ओकाबोका वाटतो. त्या खडूच्या अक्षरांविषयी मला नितांत ममत्व आहे. पहाटेची गाडी गाठण्यासाठी घरून निघालेल्या माणसाच्या वाट्याला पुस्तक उघडण्याइतकी निवांत घटका दिवसाकाठी येत नाही, आणि जाता जाता त्याच्या दृष्टीस जे एक वाक्य पडते तेच पुष्कळदा त्याचे त्या दिवसाचे सारे वाचन असते. ज्याने ते लिहिले त्याने कोणाचा हुकूम नसता आणि कसलाही मेहनताना न घेता परक्याच्या मनाची काळजी वाहिलेली असते.

तथापि या वचनांविषयी एक गोष्ट पुष्कळ वर्षे माझ्या मनात घर करून राहिली आहे. सुविचार हा कोणाच्या तरी विचाराचा शेवट असतो. त्या शेवटापाशी पोहोचण्यापूर्वी त्या माणसाने काय पाहिले, काय सोसले, कोणत्या शंका बाजूस सारल्या आणि कोणत्या शेवटपर्यंत सरल्याच नाहीत, यातील काहीही फळ्यावर उतरत नाही. गणिताच्या पुस्तकाच्या अखेरीस छापलेल्या उत्तराप्रमाणे ते वाक्य बरोबर असते खरे, परंतु रीत त्याच्यापाशी नसते, आणि ज्याला रीत अवगत नाही त्याला उत्तर मुखोद्गत असूनही पुढचे उदाहरण सुटत नाही. जन्मभर सुविचार वाचूनही स्वतःचा विचार करण्याची वेळ येताच माणूस गोंधळून जातो, त्याचे कारण मला येथे दिसते.

आमच्या घरांतून वावरलेल्या वृद्ध स्त्रियांना ही रीत ठाऊक होती. ‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण आणि ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ ही म्हण, दोन्ही एकाच आजीच्या तोंडून ऐकलेल्या नाहीत असा मराठी माणूस विरळा. एक म्हण लोकमतापुढे मान तुकविण्यास सांगते आणि दुसरी लोकमत ऐकून घेऊन आपल्या अंतःकरणाचा कौल मानण्यास सांगते. दोन्ही एका फळ्यावर एकाखाली एक लिहिल्या तर वाचणाऱ्याने कोणती उचलावी? परंतु आजीला हा प्रश्न कधी पडला नाही. भाऊबंदकीचा वाद वर्षानुवर्षे चिघळून दोन घरांतली मुले एकमेकांशी बोलेनाशी झाली, की ती पंचांचा फैसला मानण्यासाठी पहिली म्हण काढी, आणि नातीने शिकायला परगावी जावे की नाही यावर आळीतल्या बायका परस्पर निवाडा करू लागल्या, की दुसरी काढी. म्हणीबरोबर तिच्यापाशी प्रसंगही असे. कोणत्या वेळी कोणते वचन सत्य आहे हे ओळखण्याची ही विवेकशक्ती हेच माझ्या मते स्वतंत्र विचाराचे पहिले लक्षण होय, आणि ती प्रसंगांच्या सहवासानेच येते. ज्यांना जगण्यात इतके प्रसंग भेटत नाहीत त्यांच्यासाठी ग्रंथ आहेत.

डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीने पुस्तकांच्या आदानप्रदानाचा सोहळा सुरू केला, त्यात घरचे वाचून झालेले पुस्तक द्यावयाचे आणि दुसऱ्या कोणी आणून दिलेले आपण घ्यावयाचे, अशी साधी आणि उदार तजवीज आहे. अशा देवघेवीतून माझ्याकडे आलेल्या एका जुन्या प्रतीत कोणा अपरिचित वाचकाने तांबड्या पेन्सिलीने ओळीखाली रेघा मारलेल्या होत्या. त्या रेघा मी मोठ्या कुतूहलाने पाहत गेलो. ज्या ज्या वाक्याखाली रेघ होती ते ते वाक्य फळ्यावर लिहिण्याजोगे, आटोपशीर आणि नादमधुर होते. आणि त्याच पानावर त्या वाक्याच्या आधी जी दहा-वीस ओळींची कारणमीमांसा होती, ज्यात लेखक स्वतःशी झगडत होता, एक दाखला देऊन दुसऱ्याने त्याला छेद देत होता, त्या ओळी जशाच्या तशा कोऱ्या राहिल्या होत्या. त्या वाचकाने पुस्तक आवडीने वाचले होते यात संशय नाही. परंतु पुढे केव्हातरी त्याने ती प्रत पुन्हा हाती घेतली असेल तेव्हा त्याची नजर रेघेवरून रेघेवर गेली असेल, आणि लेखकाचे खरे दान त्या दोन रेघांच्या मधल्या जागेत राहून गेले असेल.

कादंबरीच्या बाबतीत तर यातून अनर्थही घडतो. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ साली प्रसिद्ध झाली आणि १९७४ च्या ज्ञानपीठ पुरस्काराने तिचा गौरव झाला; तिच्यातील वाक्ये आजही आमच्याकडील फळ्यांवर आणि पहाटे पहाटे मोबाईलवर येणाऱ्या शुभेच्छांत खांडेकरांच्या नावावर झळकत असतात. आता ही कादंबरी ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांनी आपापल्या तोंडाने सांगितलेली आहे हे ज्याने ती वाचली त्याला माहीत आहे. ययातीच्या तोंडचे प्रेमाविषयीचे, सुखाविषयीचे किंवा मनुष्यस्वभावाविषयीचे वाक्य ही एका वासनाग्रस्त राजाची जबानी आहे. ती कधी पश्चात्तापाने भिजलेली आहे तर कधी आत्मसमर्थनासाठी रचलेली, आणि ती कोठे खरी व कोठे स्वतःची फसवणूक करणारी हे ओळखण्याचे काम खांडेकरांनी वाचकावर सोपविले आहे. त्या जबानीतील एक ओळ काढून ती लेखकाचा उपदेश म्हणून भिंतीवर लावणे म्हणजे आरोपीचे म्हणणे न्यायाधीशाच्या सहीने प्रसिद्ध करण्यासारखे होय. व. पु. काळे यांच्या कथांतील पात्रांच्या वाट्यालाही हेच आले आहे. लेखकावरच्या प्रेमापोटी हे घडते हे मी जाणतो, आणि म्हणूनच ते अधिक खटकते. ज्याच्यावर आपले प्रेम आहे त्याचे सगळे म्हणणे आपण ऐकून घ्यावे, एवढी तरी अपेक्षा त्या प्रेमाकडून ठेवण्यास हरकत नसावी.

वचन आणि प्रसंग यांच्या या ताटातुटीची चिंता मराठी माणसाने फार प्राचीन काळी वाहिली होती, आणि त्या चिंतेची ओळख मला ठाण्यातील एका पुरुषाच्या कर्तृत्वाचा माग काढताना झाली. विनायक लक्ष्मण भावे हे ते पुरुष. मिठाच्या व्यापारात असलेल्या या गृहस्थाने, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नसताना, आपल्या सहकाऱ्यांसह १ जून १८९३ रोजी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले. सुशिक्षितांच्या वाचनावर त्या काळी इंग्रजीचा अंमल किती होता हे लक्षात घेतले म्हणजे केवळ मराठी ग्रंथांसाठी एक घर उभे करण्याची ही कल्पना किती निराळी होती ते कळते. मुंबईचे मराठी ग्रंथसंग्रहालय त्यानंतर पाच वर्षांनी, १८९८ साली निघाले. याच भाव्यांनी पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहून जुन्या मराठी वाङ्मयाचा सुसंगत इतिहास पहिल्याने मराठी वाचकांच्या हाती दिला, आणि पुढील आवृत्तीत महानुभावांच्या त्या वेळी जवळजवळ अज्ञात असलेल्या वाङ्मयाला त्या इतिहासात हक्काचे स्थान दिले. ते वाङ्मय सांकेतिक लिपीत बंदिस्त होते. त्या लिपीची उकल इतिहाससंशोधक राजवाड्यांनी केली, आणि आत जे सापडले त्याची किंमत ओळखणाऱ्यांत भावे अग्रभागी होते.

काय होते त्यात? तेराव्या शतकात म्हाइंभटांनी, महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी गेल्यावर, ज्यांनी ज्यांनी त्यांना पाहिले आणि ऐकले होते त्यांच्याकडे जाऊन आठवणी गोळा केल्या, त्या पारखून घेतल्या, आणि ‘लीळाचरित्र’ हा मराठीतील आद्य गद्यग्रंथ सिद्ध केला. त्यात स्वामी कोठे बसले होते, समोर कोण होते, कोणी काय विचारले, आणि मग स्वामी काय म्हणाले, हे सारे एकत्र नांदते. पुढे केसोबासांनी या लीळांतील स्वामींची वचने तेवढी वेगळी काढून ‘सूत्रपाठ’ रचला. सूत्रे पाठ करण्यास सोपी, अभ्यासास सुटसुटीत, आणि पंथीयांना प्रमाणभूत; या संकलनाचे मोल थोडे नाही. परंतु सूत्रे मोकळी झाली आणि लवकरच अडचण उभी राहिली. हे वचन कोणाला उद्देशून होते? रागावून म्हटले होते की समजावून? एकाला जे सांगितले ते सर्वांना लागू आहे काय? या प्रश्नांची उत्तरे सूत्रात नव्हती. तेव्हा त्या पंथातील विद्वानांनी ‘प्रकरणवश’ या नावाची रचना केली, आणि कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणाच्या कोणत्या बोलण्यावर उच्चारले गेले त्याची हकीकत सूत्राला पुन्हा जोडून दिली. ज्या वचनांना ते ईश्वराचे वचन मानीत होते, त्या वचनांच्या बाबतीतही केवळ शब्दांवर त्यांनी भागविले नाही. श्रद्धा पूर्ण असूनही त्यांनी प्रसंगाचा पुरावा मागितला. आज श्रद्धा आणि चिकित्सा यांचे हाडवैर आहे असे गृहीत धरून जे वाद घातले जातात ते ऐकताना मला या सातशे वर्षांपूर्वीच्या मराठी माणसांची आठवण येते आणि त्यांच्याविषयीचा आदर दुणावतो.

सुभाषितांचा खरा अभ्यास कसा असतो याचे अलीकडचे उदाहरण आमच्या गावांवरून रोज ये-जा करीत होते. दामोदर धर्मानंद कोसंबी हे मूळचे गोव्याचे, व्यवसायाने गणिती, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक; राहावयास पुण्यात असल्यामुळे ते ‘दख्खनची राणी’ने मुंबईला जात आणि तिनेच परतत. कल्याण, डोंबिवली, ठाणे ही स्थानके मागे टाकीत जाणाऱ्या त्या गाडीत बसणारा हा गणिती भर्तृहरीच्या श्लोकांच्या मागे लागला होता. भर्तृहरी हा मराठी घरांना वामन पंडितांच्या समश्लोकीमुळे पूर्वापार परिचित. नीती, शृंगार आणि वैराग्य ही त्याची तीन शतके, म्हणजे तीनशे श्लोक, असा आमचा समज. कोसंबींनी देशभरातील पावणेचारशेच्या आसपास हस्तलिखितांचा ताळा घेतला, अस्सल कोणते आणि नक्कल कोणती याची रुजुवात केली, आणि १९४८ साली जी चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली तिच्यात असे दिसून आले की भर्तृहरीच्या नावावर साडेआठशेच्या घरात श्लोक फिरत असून सर्व परंपरांना समान असे त्यांतील केवळ सुमारे दोनशे आहेत. उरलेले कोणी तरी, केव्हा तरी, चांगले वाटले म्हणून त्याच्या पदरात घातले. मोठ्या माणसाच्या नावावर आपल्या आवडीचे वाक्य खपविण्याची खोड आजची नाही, हे यावरून कळावे.

परंतु या हकीकतीत मला मोह पडतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. कोसंबींना भर्तृहरीचे विचार मान्य नव्हते. ते मार्क्सवादी होते, आणि या संपादनाच्या आधीच त्यांनी एका निबंधात भर्तृहरीचे वैराग्य हे धनिकांच्या दाराशी तिष्ठत राहावे लागणाऱ्या पराधीन विद्वानाच्या वैतागातून निघाले आहे, अशा अर्थाची कठोर टीका केली होती. ज्याचे म्हणणे पटत नाही त्याचे शब्द नेमके कोणते हे ठरविण्यासाठी त्यांनी इतकी वर्षे वेचली, आणि त्याच्या एकेका अक्षराला न्याय दिला. बाराव्या शतकाच्या आरंभी बंगालमधील जगद्दल विहारात विद्याकराने केलेला ‘सुभाषितरत्नकोश’ त्यांनी पुढे वि. वि. गोखले यांच्यासह संपादित केला. राहुल सांकृत्यायनांना तिबेटातील मठात आढळलेल्या पोथीच्या आधारे सिद्ध झालेला १७३८ श्लोकांचा तो ग्रंथ १९५७ साली हार्वर्डच्या प्राच्य ग्रंथमालेत निघाला. त्या मालेचे संपादक इंगल्स यांना कोसंबींची काव्यविषयक मते मुळीच पटत नव्हती, आणि ते त्यांनी उघडपणे लिहिले. तरीही ग्रंथ त्यांच्याच मालेत प्रसिद्ध झाला, आणि त्याच ग्रंथाचे संपूर्ण भाषांतर इंगल्स यांनी १९६५ मध्ये केले. स्वतंत्र विचार म्हणजे मतभेद, एवढाच अर्थ आज रूढ झाला आहे. या दोघांच्या वर्तनात त्याच्या जोडीला दुसऱ्याचे म्हणणे संपूर्ण आणि शुद्ध स्वरूपात समजून घेण्याचे कष्ट आहेत, आणि हे कष्ट नसतील तर मतभेदाला काही किंमत उरत नाही, असे माझे ठाम मत आहे.

कोसंबींच्या कन्या मीरा कोसंबी या समाजशास्त्रज्ञ. त्यांनी वडिलांची ही दृष्टी कल्याणच्या एका मुलीच्या चरित्राकडे वळविली. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ साली स्थापन झाले, आणि पुढल्याच वर्षी, ३१ मार्च १८६५ रोजी, कल्याणच्या जोशी घराण्यात यमुना जन्मली. हीच पुढे डॉ. आनंदीबाई जोशी. त्या नव्या वाचनालयाच्या पायऱ्या त्या काळी एखाद्या मुलीने चढल्या असतील असे मानण्यास जागा नाही. आनंदीबाईंचे नाव आज सुविचाराप्रमाणेच एका ओळीत सांगितले जाते, आणि त्या ओळीत पती गोपाळरावांच्या प्रोत्साहनाचा उल्लेख हटकून असतो. मीराबाईंनी ती ओळ बाजूस ठेवून मूळ पत्रे वाचली, आणि त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्या पत्रांतील आनंदीबाई आपल्याला भेटतात. शिक्षणासाठी ज्याने हट्ट धरला त्याच पतीने आपल्याला दिलेल्या माराची आणि जाचाची आठवण त्याला अमेरिकेतून संयत शब्दांत करून देणाऱ्या, त्याचे ऋण मान्य करणाऱ्या आणि तरीही न्याय मागणाऱ्या.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी, वयाची अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वी, बंगालमधील श्रीरामपूरच्या महाविद्यालयात आनंदीबाईंनी इंग्रजीत जे व्याख्यान दिले त्याची रचनाच मला फार अर्थपूर्ण वाटते. अमेरिकेस का जाता, येथे शिकता येत नाही काय, एकट्या कशा जाल, परत आल्यावर जात बहिष्कार टाकणार नाही काय, असे लोक जे जे विचारीत होते ते सर्व प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले आणि एकेकाला कारणासह उत्तर दिले. समुद्र ओलांडू नये या वचनाला त्यांनी केवळ दुसऱ्या वचनाने तोंड दिले नाही. स्त्रियांना स्त्री वैद्य हवी, ही डोळ्यांनी पाहिलेली आणि चौदाव्या वर्षी दहा दिवसांचे मूल गमावून स्वतः भोगलेली निकड त्यांनी पुढे ठेवली. मदतीच्या बदल्यात धर्मांतर सुचविणाऱ्या मिशनऱ्यांनाही त्या वश झाल्या नव्हत्या. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणून परत येईन, असे त्यांनी सांगितले आणि तसेच केले. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

फळ्यावरच्या वचनांकडे परत येताना आठवते की, जगात ज्याने ललित निबंधाला जन्म दिला त्या फ्रान्सच्या मोंतेञनेही आपल्या मनोऱ्यातील ग्रंथशाळेच्या तुळयांवर ग्रीक आणि लॅटिन वचने रंगवून घेतली होती. त्यांतील काही पहिली वचने पुसून त्याने त्यांवर दुसरी लिहविली, याच्या खुणा तेथे अद्याप दिसतात. तुळईवरच्या वाक्याशी रोज बोलता बोलता त्याने निबंध लिहिले. आमच्या फळ्यांवरील वाक्य तर रोज पुसले जाते. उणीव आहे ती त्याच्याशी बोलण्याची.

म्हणून ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील शाळांच्या, वाचनालयांच्या आणि गृहसंस्थांच्या चालकांना माझी एक विनंती आहे. सुविचार लिहिणे थांबवू नये. तो रोज लिहावा. परंतु त्याच्या खाली ग्रंथाचे नाव आणि पृष्ठांक लिहावा, ते वाक्य कोणी कोणास म्हटले तेही एका ओळीत नोंदवावे, आणि ज्या वाक्याचे मूळ सापडत नाही ते मोठ्या माणसाच्या नावावर न चढविता निनावीच ठेवावे. वाचनालयांना तर आणखी एक करता येईल: तो ग्रंथ त्या दिवशी कपाटातून काढून, ते पान उघडून, फळ्याखालच्या मेजावर ठेवावा. यास खर्च काही नाही. एक मेज पुरे. ज्यांची गाडी सुटणार असेल ते पुढे जातील, परंतु संध्याकाळी परतताना त्यांतला एखादा थांबून ते पान वाचील, आणि त्याच्यासाठी वाचनालयाचे दार तासभर अधिक उघडे ठेवण्याची व्यवस्था चालकांनी अवश्य करावी.